बोटीच्या इंजिनाचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकलाय, निकेल काडी मारू की पितळ?

हर्णैचा_नाखवा

नमस्कार मंडळी, इथे इंजिनवाले आणि वेल्डिंगवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. आमची ट्रॉलर आहे, सहा सिलिंडरचं इंजिन, ट्रकचंच आहे पण मरीन करून घेतलेलं, वडिलांनी सेकंडहँड घेतलं होतं. त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा पाइप) पाण्याच्या जॅकेटवाला आहे, म्हणजे भोवती गार करणारं पाणी फिरतं, बिडाचा (कास्ट आयर्नचा), कोणी ओतलाय ते काही माहीत नाही, वर नाव नाही नंबर नाही. मे महिन्यात शेवटच्या फेरीला मागच्या फ्लँजजवळ (बोल्टने जोडायच्या कडेजवळ) चीर पडली, साधारण चार इंच, पाणी ठिपकायला लागलं. बंदरावरच्या एका वेल्डरकडे नेला, त्याने पोलादाला मारतात ती साधी वेल्डिंगची काडी (६०१३) मारून दिली, वरून एकदम झकास दिसत होतं. घरी आणेपर्यंत गाडीतच "टिक्" असा आवाज आला, आणि आता त्याने मारलेल्या ओळीच्या अगदी कडेने नवीन चीर आहे, जुन्या चिरीपेक्षा लांब.

आता १ जून ते ३१ जुलै बंदी, बोट वर ओढून शाकारून ठेवलीय, म्हणजे वेळ आहे. पण जो भेटेल तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो गॅसने पितळ भर, एक म्हणतो निकेलची काडी, एक म्हणतो रत्नागिरीला टीगवाल्याकडे (गॅसच्या आवरणात वेल्ड करणाऱ्याकडे) ने, आणि आमचे तांडेल म्हणतात एमसील लाव आणि गप बस. नवीन कुठे मिळत नाही. नक्की काय करू? फोटो टाकायचा होता पण इथे रेंजची बोंब आहे.

काडी_आणि_होल्डर

तो टिक् आवाज म्हणजे त्या वेल्डरचा दोष अर्धाच, बाकी अर्धा दोष बिडाचा. मी मिरजोळे एमआयडीसीत १९ वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो. बिडात कार्बन २ ते ४ टक्क्यांच्या घरात असतो, साध्या पोलादात पाव टक्का सुद्धा नसतो. साधी काडी मारली की कडेचं बीड वितळतं आणि चटकन थंड होतं, तेवढा पट्टा काचेसारखा कडक होतो, ग्राइंडर पण घसरतो त्याच्यावर. मग वेल्ड थंड होताना आकसतं, बीड तर ताणलं जात नाही, ते तुटतं. म्हणून चीर वेल्डमध्ये न पडता वेल्डच्या कडेला पडते. तुमची तिथेच पडलीय बघा.

पहिलं काम, खरंच बीड आहे का ते बघा. कुठेतरी कोपऱ्यात ग्राइंडर टेकवा, ठिणग्या आखूड आणि लालसर पडल्या तर बीड, लांब पांढऱ्या-पिवळ्या फुलबाजीसारख्या पडल्या तर पोलाद. पोलादी असेल तर ही सगळी चर्चाच बाद, पोलादाच्या ७०१८ काडीने मारून मोकळे व्हा.

बीड असेल तर माझं मत निकेल काडी. दोन प्रकार मिळतात, एक जवळजवळ शुद्ध निकेलची (दुकानात ९९ म्हणून मागा) आणि दुसरी निकेल-लोखंडाची, ५५ वाली. ५५ वाली स्वस्त आणि ताकदीला जास्त, जाड ब्लॉकला, बेडला ती बरी. तुमच्या जॅकेटची भिंत पाच-सहा मिमीची असणार, तिथे ९९ वाली घ्या, मऊ असते, आकसताना स्वतः ताण खाते, नंतर कानस पण चालते. महाग आहे, साध्या काडीच्या कितीतरी पट, पण चार इंचाला लागून लागून किती लागणार.

भरती_ओहोटी

निकेल बरोबर, पण पद्धत सांगा ना काका, नाहीतर तो महागाची काडी घेऊन जाईल त्याच वेल्डरकडे आणि तो मारेल एका दमात चार इंच 😄

काडी_आणि_होल्डर

लिहितोय बाबा, जेवायला तरी देशील की नाही.

पहिल्यांदा आधीच्या काडीचं सगळं वेल्ड काढून टाकायचं, त्याच्यावर थर चढवायचा नाही. मग चिरीचं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे ती अर्धा-पाऊण इंच गेलेली असते. दुकानात डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, लाल रंग मारायचा, पुसायचा, मग पांढरा मारायचा, चीर लाल रेघ होऊन वर येते. ते नसेल तर आमचा जुना उपाय, रॉकेल लावून ठेवायचं, कोरडं पुसून वर खडू घासायचा, थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल आता कुठे मिळत नाही, डिझेल चालतं, फक्त जरा वेळ द्या. दोन्ही टोकांना ३-४ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे धावत नाही. हे भोक न पाडता बिडाला हात लावतो तो माझ्या मते वेल्डर नाही, मग त्याचा हात कितीही गुळगुळीत असो.

नंतर चिरीवर व्ही आकाराची खाच काढायची. ग्राइंडरने नुसता घासला तर बिडातलं ग्राफाइट पृष्ठभागावर फासलं जातं आणि काडी पकडत नाही, म्हणून शेवटचा हात कानशीने नाहीतर छिन्नीने. आणि तुमचा पार्ट समुद्राचा, त्याच्या छिद्राछिद्रात तेल आणि मीठ. एक-दोन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग वाळवून गॅसच्या ज्योतीने हळूहळू सगळीकडून तापवा, तेल धूर होऊन निघतं. नाही निघालं तर पहिलाच टाका फसफसून जाळीदार होतो, तो काढा आणि परत मारा, कधी कधी दोनदा करावं लागतं.

मारताना काडी २.५ मिमी, करंट ६० ते ८० अँपिअर, कमीत कमी जेवढ्यात चालेल तेवढा. एका वेळी एक इंच, बस. तो गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके ठोकायचं, जोरात नाही, मोदकाची कळी दाबतो तसं. म्हणजे ओळ पसरते आणि आकसण्याचा ताण मरतो. मग थांबायचं, हात लावून सहन होईल इतकं गार होऊ द्यायचं, मग दुसरा इंच तिथून लांब. चार इंचाला दुपार जाते, जाऊ दे. आणि एक, वेल्डिंगवाले ओळीला पण बीड म्हणतात, बिडावर बीड मारू नका असं कोणी सांगितलं तर गोंधळू नका 😀

मालवणी_झील

माका वेल्डिंगातला काय कळणा नाय पण ह्या माझ्या डोळ्यांनी बघितलेला असा. माझ्या काकान बोटीचो पाण्याचो एल्बो असोच पितळ मारून घेतल्यान. एक सीझन बरो चाललो. दुसऱ्या वर्साक पितळ गुलाबी पडला आणि टिचकी मारल्यावर भुगो. खाऱ्या पाण्यात पितळ नको रे बाबा.

काडी_आणि_होल्डर

झील बरोबर बोलला. गुलाबी पडतं म्हणजे पितळातला जस्त खारं पाणी खाऊन टाकतं आणि मागे स्पंजसारखा तांबा राहतो. एरवी बिडाला पितळ म्हणजे वाईट नाही हां, उलट गिरणीची पुली, शिवणयंत्राचा पाय, पंपाचं पाऊल असल्या गोष्टींना मी पितळच भरतो, टाकणखार लावून. बीड वितळत नाही, लालसर झालं की पितळ पसरतं, तडकायची भीती कमी. पण एक्झॉस्टच्या बाजूला जिथे २५०-३०० डिग्रीच्या वर जातं तिथे पितळाची ताकद उतरते. शिवाय एकदा पितळ भरलं की पुढे कधी निकेल मारायची वेळ आली तर सगळं खरवडून काढावं लागतं, राहिलं तर वेल्डमध्ये मिसळून परत तडा.

घाटावरचा

काका, पूर्ण तापवून मारलं तर? आमच्याकडे कोल्हापूरला फाउंड्रीवाले सगळा पार्ट भट्टीत लाल करून बिडाच्याच कांडीने गॅसवर भरतात, एकजीव होतो.

काडी_आणि_होल्डर

भट्टी असेल तर सगळ्यात उत्तम तेच, कारण सगळा पार्ट एकत्र तापतो, एकत्र आकसतो. पण पाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत सारखा तापवायचा आणि मग दिवसभर हळूहळू गार करायचा, हे बंदरावर फुंकणीने होत नाही. अर्धवट तापवणं सगळ्यात वाईट. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला गार म्हणजे नवीन चीर बोलावून घेणं. म्हणून मी म्हणतो एकतर पूर्ण गरम, नाहीतर पूर्ण गार, मधलं नको. आणि गरम पार्ट झाकायला कोरडा चुना नाहीतर चुलीतली राख घ्या. भाताच्या तुसाची राख मिळाली तर अजून बरी. किनाऱ्यावरची वाळू घेऊ नका, ती कोरडी दिसते पण खारट आणि दमट असते.

टीग_वाला_पोरगा

टीगने पण होतं बिडाचं, निकेलची वायर वापरून, दिसायला सफाई जास्त. पण खरं सांगायचं तर माझ्याकडे आला असता तर मी पण काडीच मारली असती. टीगची उष्णता एका जागी जास्त वेळ राहते. मिगचं (सलग वायरवालं गॅस वेल्डिंग) तर नावच काढू नका, त्यात पावसाळ्यात वाऱ्याने गॅस उडून जातो, शेडला तिन्ही बाजूनी ताडपत्री लावली तरी. आणि जी काडी वापराल ती डब्यातून लगेच काढलेली असू दे, आपल्याकडची जून-जुलैची हवा म्हणजे काडी पण घाम गाळते.

शेतकरी_लांजा

विषय निघालाच आहे तर माझंही विचारून घेतो. पॉवर टिलरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग फुटलंय, ॲल्युमिनियमचं, बोल्टचा कान तुटलाय. लावणी तोंडावर आलीय. हे काडीने होतं का?

टीग_वाला_पोरगा

ॲल्युमिनियमच्या काड्या मिळतात पण तुमच्या डोक्याला ताप होईल. एसी टीग असलेला शोधा, ४०४३ ची वायर मारायला सांगा. आधी तेल पूर्ण काढा, पेट्रोलने नको, थिनरने पुसून वाळवा, आणि स्टीलचा ब्रश जो लोखंडाला वापरलाय तो ॲल्युमिनियमला लावू देऊ नका. डाय कास्टिंग (साच्यात दाबाने ओतलेलं) असेल तर बुडबुडे येतात, हवा आत अडकलेली असते, पण कान बसेल एवढं होतं. तुटलेला तुकडा फेकला नाहीत ना? तो घेऊन जा, जागेवर बसवून मारता येतो.

शेतकरी_लांजा

तुकडा आहे, शेणाच्या खड्ड्यात पडला होता, शोधून काढला. धन्यवाद.

बंदरावरचा_म्हातारा

इतका वेळ वाचत होतो. काडी कुठली, करंट किती, सगळं बरोबर आहे, होल्डरवाल्यांनी छान सांगितलं. पण नाखवा, काडी विकत घेण्याआधी एक काम करा, खर्च काही नाही. मॅनिफोल्डच्या आत, पाण्याच्या बाजूला, जिथपर्यंत हात जाईल तिथे जुन्या सुरीने नाहीतर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून बघा. चकचकीत धातू लागला तर ठीक. पण शिसपेन्सिलीसारखी काळी मऊ पावडर निघत असेल आणि टोक आत जात असेल तर कुठलीच काडी उपयोगाची नाही.

बीड वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलं की त्यातलं लोखंड निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा तेवढा राहतो. गंमत म्हणजे आकार तसाच दिसतो, रंग मारला तर नवीन वाटतं, वजन तेवढं हलकं लागतं. मी एका बोटीचा पंप असाच हातात घेतला होता, अंगठ्याच्या नखाने कोरला गेला. असल्या भिंतीवर निकेल मारलं तर वेल्ड कशाला पकडणार?

दुसरं, चीर नुसती बाहेर आहे का आतून एक्झॉस्टच्या बाजूला पण गेलीय ते बघितलंत का? बाहेर गळालं तर इंजिनरूममध्ये पाणी, निस्तरता येतं. आतून गळालं तर इंजिन बंद असताना पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही. चार इंचाच्या चिरीपायी इंजिन जातं.

हर्णैचा_नाखवा

काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या खरवडून बघतो.

भरती_ओहोटी

आणि नाखवा एक विचारू, चीर पडली कशी? काहीतरी झालंच असणार ना आधी. मॅनिफोल्ड उगाच फुटत नाही.

हर्णैचा_नाखवा

खरं सांगू का, लाज वाटते. त्या फेरीत सी-कॉकवर (समुद्राचं पाणी आत घ्यायच्या तोटीवर) प्लास्टिकची पिशवी बसली होती, पाणी येईना, टेंपरेचरचा काटा वर गेला. खलाशाने पिशवी काढली आणि तसंच चालू इंजिनवर पाणी सुरू झालं. तेव्हाच काहीतरी "टण्" झालं होतं पण जाळं पाण्यात होतं म्हणून लक्ष दिलं नाही.

बंदरावरचा_म्हातारा

मग झालं. तापलेल्या बिडावर एकदम थंड पाणी, चहाच्या गरम ग्लासात बर्फ टाकल्यासारखं. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (रबरी पाकळ्यांचं चाक) पण उघडून बघा, कोरडा फिरला असेल तर पाकळ्या तुटल्या असतील आणि त्याचे रबराचे तुकडे कुठेतरी पुढे कूलरमध्ये अडकून बसले असतील. ते काढल्याशिवाय काही बसवू नका, परत तेच. बोटीचा एल्बो आणि पाइप कशाच्या आधारावर आहे ते पण बघा, सगळं वजन त्या मागच्या फ्लँजवर लोंबकळत असेल तर ब्रॅकेट टाका.

काडी_आणि_होल्डर

काका माझ्या आधी बोलले, ते खरवडायचं मी पहिल्यांदाच सांगायला हवं होतं, आमच्याकडे येतो तो माल बहुतेक कोरडा असतो, ट्रकचा, ट्रॅक्टरचा, म्हणून डोक्यात आलं नाही. नाखवा, धातू चांगला लागला तर वेल्ड करताना मॅनिफोल्ड एका जाड प्लेटला बोल्टने हलका धरा म्हणजे फ्लँज वाकडा होणार नाही, आणि नंतर पट्टी लावून बघा, उजेड दिसला तर फेस मारून (मशीनवर सपाट करून) घ्या. बसवायच्या आधी भोकं बंद करून हातपंपाने पाण्याचा दाब द्या, दीड-दोन बार पुरे, अर्धा तास ठेवा. हवेने टेस्ट करू नका, बीड आहे ते, फुटलं तर तुकडे उडतात. आणि काहीही झालं तरी बोटीवर बसवलेला असताना होल्डर लावू नका, खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) डिझेल असतं आणि तुमची बोट फायबरची असेल तर मग बघायलाच नको.

हर्णैचा_नाखवा

बघितलं. मागच्या बाजूला, चिरीच्या आजूबाजूला, चांगला चकचकीत आहे. पण खालच्या वळणाला, जिथे पाणी आत येतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जवळजवळ दोन-अडीच मिमी आत गेला. हात काळा, एकदम शिसपेन्सिल. वडिलांना दाखवलं, ते काहीच बोलले नाहीत, नुसते वास घेऊन बघत होते.

म्हणजे चीर बुजवली तरी पुढच्या वर्षी खालून जाणारच ना?

बंदरावरचा_म्हातारा

पुढच्या वर्षी कशाला, कदाचित दिवाळीला. समुद्रात जाणार, आत सात-आठ माणसं असतात. मी तर नाही बसवणार.

घाटावरचा

मग नवीन ओतून घ्या की. शिरोलीत छोट्या फाउंड्र्या आहेत ज्या एक-दोन नग पण घेतात. जुना पार्टच पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) म्हणून वापरता येतो पण सरळ नाही, बीड गार होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिमी धरतात, म्हणजे जुन्यावरून साचा घेतला तर नवीन तेवढा बारीक येणार आणि बोल्टची भोकं जुळणार नाहीत. फ्लँजला मटेरियल वाढवून भोकं नंतर पाडायची. आणि जॅकेट आहे म्हणजे आत कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) लागणार, त्यासाठी जुना उभा कापून आतलं माप घ्यावं लागेल. म्हणजे एकदा कापला की परत वेल्डचा विषय संपला, हे डोक्यात ठेवा. एका नगासाठी पॅटर्न आणि कोअरबॉक्स परवडत नाही, खरी अडचण ती आहे.

हर्णैचा_नाखवा

एका नगासाठी नाही ना. आमच्या इथे आणि पाजपंढरीत असंच इंजिन मरीन केलेल्या सहा-सात बोटी तरी आहेत, सगळी एकाच जणाने करून दिलेली. काल संध्याकाळी दोघांना स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्या मॅनिफोल्डमध्ये बघायला लावलं. एकाचा ठीक आहे. दुसऱ्याचा माझ्यापेक्षा वाईट निघाला, त्याची तर चीर पण पडली नव्हती अजून, त्याला काही पत्ताच नव्हता.

भरती_ओहोटी

बाप रे.

घाटावरचा

चार नग जरी झाले तरी जमेल. मला फ्लँजच्या भोकांचं सेंटर टू सेंटर माप, सहाही पोर्टचं, आणि एकूण लांबी पाठवा, मी इथे एकाला दाखवून विचारतो. मोजताना टेप नको, व्हर्निअरने मोजा. आणि अजून कापू नका.

हर्णैचा_नाखवा

नाही कापत. व्हर्निअर दापोलीला आयटीआयत एक ओळखीचा आहे त्याच्याकडून आणतो. शनिवारी पाऊस उघडला तर तिन्ही बोटींचे एकत्रच मोजतो, तिन्ही सारखे आहेत का ते पण कळेल.

काडी_आणि_होल्डर

आणि नवीन ओतून आले की त्याला पाण्याच्या बाजूने झिंकचा एक प्लग बसवायला भोक ठेवा, मग झिंक आधी खाल्लं जाईल. ते दर सीझनला बदलायचं.